अस्कॅरिस की सी. एलिगन्स? परजीवी कृमींच्या मज्जासंस्थेवर पीएच.डी. करू पाहणाऱ्याला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला आहे का ते तुम्हालाही दिसेल. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालं आहे, तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता आहात आणि पीएच.डी.ला नाव नोंदवायचं आहे. अँटनी स्ट्रेटन यांचे अस्कॅरिस या आतड्यातल्या जंताच्या चेतापेशींवरचे शोधनिबंध वाचनात आले आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. मार्गदर्शकांचं म्हणणं असं, की सी. एलिगन्स हा परजीवी नसलेला बारीक कृमी घ्या, त्याच्या मज्जासंस्थेचा नकाशा तयार आहे, परजीवीच्या मागे लागलात तर निम्मी वर्षं नमुने गोळा करण्यात जातील. तुम्ही विचारता, की अस्कॅरिसमध्ये आता शोधण्यासारखं काही उरलं आहे का, आणि उरलं असेल तर आपल्याकडच्या साधनांत ते जमेल का.

मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात जवळजवळ तीस वर्षं परजीवीशास्त्र शिकवलं. त्यातली बरीच वर्षं जंतांची औषधं जंतांच्या स्नायूंवर आणि चेतांवर नेमकं काय करतात हे पाहण्यात गेली. त्या आधारावर सांगते: हो, उरलं आहे, आणि बरंच उरलं आहे. पण तुमचे मार्गदर्शक चुकीचं बोलत नाहीत. ते प्रश्नाच्या एका बाजूबद्दल बोलताहेत, तुम्ही दुसऱ्या.

खरी अडचण कोणता कृमी घ्यायचा ही नाहीच. तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचं आहे हे अजून ठरलेलं नाही, आणि ते ठरल्याशिवाय कृमी ठरवायला निघालात म्हणून हा पेच पडला आहे. स्ट्रेटन यांचं काम वाचून भारावून जाणं मला समजतं, मीही गेले होते. पण त्यांनी अस्कॅरिस का निवडला हे एकदा नीट पाहिलंत, तर निवड कशी करायची तेही कळेल. म्हणून जरा मागून सुरुवात करते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत रिचर्ड गोल्डश्मिट यांनी अस्कॅरिसच्या डोक्याचे पातळ छेद घेतले आणि एकेक चेतापेशी मोजली. १९०८ आणि १९०९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. डोक्याच्या भागात १६२ पेशी. दुसरा अस्कॅरिस घेतला तरी १६२, आणि प्रत्येक पेशी आपापल्या जागेवर. माणसाच्या मेंदूत अशी पेशीन् पेशी ओळखण्याची सोय नाही. इथे मात्र वर्गातल्या मुलांची हजेरी घ्यावी तशी पेशींची हजेरी घेता येत होती. गोल्डश्मिट पुढे आनुवंशिकीकडे वळले आणि त्यांची ख्याती त्या विषयातलीच आहे. पण संपूर्ण मज्जासंस्था पेशीनिशी माहीत असलेला प्राणी ही कल्पना त्यांनी जंतावरच दाखवून दिली होती.

साठ वर्षांनी स्ट्रेटन तिथे आले, ते अगदी वेगळ्या वाटेने. केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांच्याबरोबर ते जनुकीय संकेतावर काम करत होते. प्रथिनाची साखळी कुठे थांबवायची हे सांगणाऱ्या खुणांवरचं १९६५ सालचं काम याच गटाचं आहे. नंतर १९६८ साली एडवर्ड क्रॅव्हिट्झ यांच्यासोबत त्यांनी शेवंडाच्या एकाच चेतापेशीत प्रोसिऑन यलो नावाचा रंग सोडून तिच्या सगळ्या फांद्या दिसतील अशी पद्धत दाखवली. मग अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या प्रयोगशाळेत त्यांनी अस्कॅरिस हाती घेतला आणि पुढची अनेक दशकं तो सोडला नाही. हा कृमी डुकराच्या आतड्यातला, अस्कॅरिस सूम, माणसातल्या जंताचा सख्खा भाऊच.

अस्कॅरिसच का? कारण सोपं आहे, तो मोठा असतो. सी. एलिगन्सची लांबी एक मिलिमीटर. अस्कॅरिसची मादी २० ते ३५ सेंटिमीटर. तरीही दोघांच्या चेतापेशींची संख्या जवळजवळ सारखी, तीनशेच्या आसपास. म्हणजे निसर्गाने एकच आराखडा घेऊन तो शेकडो पट ताणला आहे. पेशी वाढल्या नाहीत, मोठ्या झाल्या. काचेची सूक्ष्म नळी पेशीत घालून तिच्यातला विद्युतदाब मोजायचा असेल, तर अस्कॅरिसमध्ये ते हाताने जमतं. सी. एलिगन्समध्ये त्या काळी ते अशक्यच होतं आणि आजही फार थोड्या प्रयोगशाळांना सफाईने जमतं. स्ट्रेटन यांना जो प्रश्न विचारायचा होता, त्याचं उत्तर फक्त मोठा प्राणी देऊ शकत होता. आधी प्रश्न होता, मग जनावर आलं.

१९७८ साली त्यांच्या गटाने अस्कॅरिसच्या चालक चेतापेशींची रचना आणि काम एकत्र मांडलं. शरीराच्या लांबीभर पाच सारखे खंड, प्रत्येकात अकरा चालक पेशी. काही पेशी स्नायू आवळायला लावतात, काही सैल सोडायला. आवळणाऱ्या ॲसिटिलकोलिन नावाचं संदेशाचं रसायन सोडतात, सैल करणाऱ्या गाबा नावाचं. पाठीकडचा स्नायू आवळला की पोटाकडचा सुटतो, मग उलट, आणि त्या लाटेवर कृमी सरकतो. एक गोष्ट इथे विद्यार्थ्यांना पहिल्यांदा ऐकताना खोटी वाटते. आपल्या शरीरात चेतातंतू स्नायूपर्यंत जातो. गोलकृमींत स्नायूपेशीच स्वतःचा हात लांब करून चेतारज्जूपर्यंत पोचते आणि तिथून संदेश घेते. अस्कॅरिस उभा चिरून टाचण्यांनी पसरला की हे हात साध्या विच्छेदन-सूक्ष्मदर्शीखालीही दिसतात. पहिल्यांदा पाहाल तेव्हा सकाळचा चहा विसराल.

आणि मग १९८९. राल्फ डेव्हिस आणि स्ट्रेटन यांनी दाखवलं, की अस्कॅरिसच्या चालक चेतापेशी आपल्या पाठ्यपुस्तकातल्यासारख्या ठिणग्या टाकतच नाहीत. आपण बी.एस्सी.ला शिकतो ते काय, की चेतापेशी एकतर पेटते किंवा पेटत नाही, मधलं काही नाही. या पेशी मात्र दिव्याच्या बटणापेक्षा पंख्याच्या रेग्युलेटरसारख्या चालतात. विद्युतदाब थोडा वाढला तर रसायन थोडं जास्त सुटतं, कमी झाला तर कमी, आणि कृमी स्वस्थ पडलेला असतानाही थोडं सुटतच असतं. एवढ्या लांब पेशीत ठिणगीशिवाय संदेश टिकतो कसा? तर त्यांच्या आवरणातून गळती फार कमी. कडेने पाझर नसलेल्या पाटातून पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचावं तसा विद्युतदाब कित्येक मिलिमीटर जातो. हे अस्कॅरिसवर मोजून कळलं. फक्त जोडण्यांचा नकाशा पाहून हे कुणालाही कळलं नसतं.

आता तुमच्या मार्गदर्शकांची बाजू, कारण ती भक्कम आहे. ब्रेनर यांनी सी. एलिगन्स निवडला तोही प्रश्न समोर ठेवूनच. त्यांना जनुकांपासून वागणुकीपर्यंत जायचं होतं. त्यासाठी तीन-साडेतीन दिवसांत पिढी बदलणारा, बशीत जिवाणूंवर वाढणारा, पारदर्शक प्राणी हवा होता. १९८६ साली व्हाइट, साउथगेट, थॉमसन आणि ब्रेनर यांनी त्याच्या ३०२ चेतापेशींचा जोडणी-नकाशा दिला, सुमारे ५००० रासायनिक जोडण्या आणि ६०० थेट विद्युत जोडण्यांसह. २०१९ साली नर आणि उभयलिंगी अशा दोघांचा संपूर्ण नकाशा आला. जनुक बंद करा, पेशी चमकवा, लेसरने एक पेशी जाळा आणि वागणूक बदलते का ते पाहा, हे सगळं तिथे रोजचं काम आहे. परजीवी कृमींत यातलं बरंचसं अजून अवघड आहे. जनुक दाबण्याची आरएनए पद्धत प्राण्यांच्या बऱ्याच परजीवी कृमींत भरवशाची नाही. बहुतेकांना यजमानाबाहेर, म्हणजे ते ज्याच्या शरीरात राहतात त्या प्राण्याबाहेर, पूर्ण जीवनचक्र जगवताच येत नाही. म्हणून मार्गदर्शक सावध असतील तर त्यांना दोष देऊ नका. तुमच्या वयाच्या विद्यार्थ्याची पाच वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढे आहेत.

पण "नकाशा आहे, म्हणजे सगळं आहे" इथे मी थांबते. माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिलं उदाहरण पेप्टाइडांचं. ॲसिटिलकोलिन आणि गाबा यांच्याशिवाय चेतापेशी लहान-लहान प्रथिनतुकडेही सोडतात आणि ते सगळ्या यंत्रणेचा सूर बदलतात. १९८९ सालीच स्ट्रेटन यांच्या गटाने अस्कॅरिसमधून असा पहिला पेप्टाइड वेगळा केला, त्याला एएफ-१ म्हणतात. त्याचं घराणं समुद्री शिंपल्यात १९७७ साली सापडलेल्या एफएमआरएफअमाइड या पेप्टाइडचं. कृमीला एएफ-१ टोचला तर त्याची हालचाल बिघडते. पुढे गोलकृमींत असे पेप्टाइड डझनांनी सापडले आणि सी. एलिगन्सच्या जनुकसंचातही त्यांची जनुकं मिळाली. मग पाहिलं गेलं, की तीच जनुकं दोन्ही कृमींत त्याच पेशींत चालू असतात का? आकार, जागा, जोडणी यांत पेशी इतक्या सारख्या, म्हणजे रसायनही सारखंच असणार, असं मीही धरून चालले होते. तसं निघालं नाही. मोठा भाग जुळला नाही. घर तेच, खोल्या त्याच, आणि कोणत्या खोलीत कोण राहतं ते वेगळं. स्ट्रेटन यांच्या प्रयोगशाळेने तर अस्कॅरिसची एकच ओळखीची चेतापेशी हाताने काढून तिच्यातले पेप्टाइड वस्तुमानमापीवर (मास स्पेक्ट्रोमीटरवर) थेट ओळखले. पेशी मोठी असल्याचा फायदा पुन्हा इथे झाला.

दुसरं उदाहरण माझ्या जवळचं, लेव्हॅमिसोल. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांवरचं जुनं, स्वस्त औषध. ते कृमीच्या स्नायूवरच्या ॲसिटिलकोलिन ग्राहकाला (हे रसायन जिथे बसतं त्या प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला) चिकटतं, स्नायू आवळलेलाच राहतो, कृमी ताठ होऊन बाहेर पडतो. या ग्राहकाचे घटक सी. एलिगन्समधल्या औषधाला न जुमानणाऱ्या उत्परिवर्तनांमुळे कळले, हे त्या छोट्या कृमीचं श्रेय निर्विवाद आहे. यूएनसी-२९, यूएनसी-३८, यूएनसी-६३, लेव्ह-१ आणि लेव्ह-८ असे पाच घटक. पण शेळीच्या चौथ्या पोटातला रक्तपित्या हिमोंकस घेतला, तर त्याच्या ग्राहकात लेव्ह-८ नाही. त्या जागी एसीआर-८ नावाचा घटक बसतो. बेडकाच्या अंडपेशीत हिमोंकसचे घटक घालून हे २०११ साली दाखवलं गेलं. आणि लेव्हॅमिसोलला दाद न देणाऱ्या हिमोंकसमध्ये बदल सापडले ते एसीआर-८ च्याच जनुकात. कुलूप त्याच कंपनीचं, पण आतली पिन निराळी. धनगराच्या कळपात औषध का चालत नाही याचं उत्तर फक्त सी. एलिगन्सकडे मागितलं, तर या ठिकाणी ते अपुरं पडतं.

तिसरं उदाहरण आयव्हरमेक्टिन. जपानमधल्या मातीतल्या जिवाणूतून आलेलं हे औषध, ज्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. बशीतल्या सी. एलिगन्सवर टाका, तो लुळा पडतो. घसा आकुंचन पावेनासा होतो, कारण ग्लुटामेटने उघडणारे क्लोराइड मार्ग उघडेच राहतात. वाटतं, झालं, समजलं. पण हत्तीरोगाच्या कृमीच्या रक्तातल्या पिल्लांवर, म्हणजे मायक्रोफायलेरियांवर, रुग्णाच्या रक्तात असते तेवढीच मात्रा बशीत टाकली तर ती पिल्लं वळवळत राहतात. रुग्णाच्या शरीरात मात्र त्याच मात्रेने ती झपाट्याने नाहीशी होतात. २०१० साली ब्रुगिया मलायी या कृमीवर दिसलं, की या औषधाचा ग्राहक पिल्लाच्या उत्सर्जन-छिद्राभोवतीच्या स्नायूंत आहे आणि औषधामुळे तिथून बाहेर पडणारी प्रथिनं कमी होतात. यातून निघणारा अर्थ असा, की पिल्लू जी प्रथिनं सोडून आपल्या रोगप्रतिकारशक्तीला गुंगवतं ती थांबतात आणि पुढचं काम आपलंच शरीर करतं. हत्तीरोगासाठी नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तिहेरी औषधं दिली गेली आहेत. त्या गोळीचं काम समजून घ्यायचं, तर यजमान नसलेला कृमी कितीही सोयीचा असला तरी त्याच्यात ही गोष्ट घडतच नाही. गुंगवायला त्याच्यासमोर कुणी नाही.

इथवरचं दोन वाक्यांत: जोडण्यांचा आराखडा गोलकृमींत बऱ्याच अंशी सामाईक आहे आणि तो सी. एलिगन्सकडून घ्यावा. पण त्या आराखड्यावर कोणती रसायनं, कोणते ग्राहक, आणि यजमानाच्या शरीरात त्यांचा उपयोग काय, हे प्रत्येक परजीवीचं स्वतःचं आहे आणि ते त्याच्यातच पाहावं लागतं.

एक गैरसमज दूर करते. सगळीच जंतनाशकं मज्जासंस्थेवर चालत नाहीत. दरवर्षी राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत मुलांना मिळते ती ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी पेशीच्या आतल्या सांगाड्याच्या प्रथिनावर, ट्युब्युलिनवर, काम करते, चेतांवर नव्हे. म्हणून "जंतनाशकं आणि मज्जासंस्था" असा सरसकट विषय नोंदवू नका. पायपरझीन, पायरँटेल, लेव्हॅमिसोल, आयव्हरमेक्टिन, इमोडेप्साइड यांपैकी एक घ्या आणि त्याला धरून राहा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. मला तुमचं गाव माहीत नाही, कॉलेजचं बजेट माहीत नाही, मार्गदर्शकांची स्वतःची पद्धत कोणती तेही नाही. यांपैकी सगळ्यात निर्णायक गोष्ट विचाराल तर ती निधी नव्हे, तर ताज्या नमुन्यापर्यंतचं अंतर आहे. डुकराचा अस्कॅरिस मिळायला डुकरांचा कत्तलखाना लागतो आणि तो आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात नाही. शेळी-बोकडाचा मात्र गावोगाव असतो. तुमच्याकडे शेळ्या असतील तर हिमोंकस, कोंबड्या असतील तर त्यांच्या आतड्यातला अस्कॅरिडिया गॅली, म्हशी असतील तर पोटाच्या पोकळीतला सेटेरिया. हा सेटेरिया हत्तीरोगाच्या कृमीच्याच गोतावळ्यातला, दिसायला पांढऱ्या दोऱ्यासारखा, आणि आपल्या देशातल्या प्रयोगशाळांनी त्याच्यावर वर्षानुवर्षं औषधं तपासली आहेत. अस्कॅरिस मिळाला नाही म्हणून स्वप्न मोडलं असं मानू नका. स्ट्रेटन यांनी विचारलेला प्रश्न तुम्ही म्हशीच्या कृमीलाही विचारू शकता.

कत्तलखान्याचा माझा अनुभव सांगते, कारण तो कुठल्याही पद्धती-विभागात छापलेला नसतो. पहाटे जायचं. तिथल्या माणसांशी आधी ओळख करायची, त्यांना आपण काय करतो ते समजावून सांगायचं, कृमी हातात धरून दाखवायचा. माझं जे काही काम झालं त्यातलं निम्मं श्रेय दोन कसाईबांधवांचं आहे, ते आतडं कापताना कृमी तुटणार नाही अशा बेताने सुरी चालवत. रुंद तोंडाचा थर्मास, त्यात ३७-३८ अंशांचं क्षारपाणी, आणि तापमापी. बर्फ कधीही नाही. हे मी ठळक करून सांगते आहे, कारण पहिल्या वर्षी मी हीच चूक केली. नमुना म्हणजे थंड ठेवायचा ही सवय हाताला होती, म्हणून गारव्यात आणले. प्रयोगशाळेत औषध टाकलं की कृमी मंदावायचे, मी आनंदाने नोंद करायची. तीन महिन्यांनी लक्षात आलं, की औषध न टाकलेले कृमीही तितकेच मंद होते. ते गारठलेले होते. त्या तीन महिन्यांच्या नोंदी मी बाजूला ठेवल्या आणि पुन्हा सुरुवात केली. तेव्हापासून माझा नियम असा: औषधाचा थेंब पडण्याआधी प्रत्येक कृमीची वीस मिनिटांची स्वतःची हालचाल नोंदवायची, आणि एका भांड्यात औषध ज्यात विरघळवलं तो नुसता द्रावक. आयव्हरमेक्टिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून द्रावकाचं भांडं नसेल तर त्या प्रयोगाला किंमत नाही.

साधनांबद्दल. सूक्ष्म इलेक्ट्रोड, ॲम्प्लिफायर, कंपन न पोचणारं टेबल हे सगळं तुमच्या कॉलेजात नसेल असं मी धरते. त्याने निराश होऊ नका. शेजारच्या गावात फार्मसी कॉलेज असेल तर तिथे ऑर्गन बाथ नक्की असेल, सशाच्या किंवा कोंबडीच्या आतड्याच्या पट्टीवर प्रयोग करायला वापरतात ते. त्यावर अस्कॅरिसच्या स्नायूची पट्टी लावता येते. मादीच्या जननछिद्राच्या पुढचा, म्हणजे डोक्याकडचा भाग घ्यायचा, उभा चिरून आतडं काढून टाकायचं, पाठीकडची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची पट्टी दोऱ्याने बांधायची. ॲसिटिलकोलिन दिलं की पट्टी आवळते, पायपरझीन दिलं की सुटते, लेव्हॅमिसोल दिलं की आवळून राहते. सुरुवातीचं बरंचसं मूलभूत ज्ञान याच जातीच्या साध्या मांडणीतून आलं. मात्रा वाढवत जा, आलेख काढा, आणि मग त्यात एखादा पेप्टाइड मिसळून आलेख कुठे सरकतो ते पाहा. असे छोटे पेप्टाइड आता मागणीनुसार बनवून मिळतात. एवढ्यात एक खरा, प्रामाणिक शोधनिबंध होतो.

हिमोंकससाठी तर याहूनही साधं. लेंड्यांतून अंडी मोजायची, आठवडाभर ओलसर उबेत ठेवून तिसऱ्या अवस्थेची पिल्लं मिळवायची, बारीक जाळीतून किती पिल्लं पार होतात ते औषधासह आणि औषधाविना मोजायचं. लुळं पिल्लू जाळी ओलांडत नाही. तुमच्या भागातल्या चार-पाच कळपांतली पिल्लं अशी तपासलीत, कोणत्या कळपाला कोणतं औषध किती वर्षं दिलं जातंय ते पशुपालकांशी बसून लिहून काढलंत आणि त्याच पिल्लांच्या एसीआर-८ जनुकाची तपासणी एखाद्या सुसज्ज संस्थेच्या मदतीने केलीत, तर गोठ्यापासून ग्राहकापर्यंत एक सलग धागा तयार होईल. मला विचाराल तर तुमच्यासाठी मी हाच विषय निवडेन. त्यात मज्जासंस्था आहे, परजीवी आहे, आणि ज्याच्या शेळीच्या पापण्या पांढऱ्याफटक पडल्यात, जबड्याखाली पाणी साचलंय, त्या माणसाला देण्यासारखं उत्तरही आहे.

आणखी एक दार उघडं आहे, त्याचा उल्लेख करून ठेवते. परजीवीचं पिल्लू यजमान शोधतं कसं? स्ट्राँगिलॉइडिस (हाही एक परजीवी गोलकृमी) आणि अंकुशकृमींची पिल्लं उष्णतेकडे ओढली जातात, वास आणि कार्बन डायऑक्साइड ओळखतात. कोणत्या चेतापेशीने हे होतं ते शोधताना सी. एलिगन्सच्या नकाशावरून त्याच जागेची पेशी हेरतात आणि ती जाळून पाहतात. स्ट्राँगिलॉइडिसमध्ये आता जनुक कापण्याची पद्धतही बसली आहे. पण हे काम सुसज्ज प्रयोगशाळेशिवाय सुरू करू नका, आणि हा कृमी माणसाच्या त्वचेतून शिरतो हे विसरू नका.

मार्गदर्शकांशी बोलताना "सी. एलिगन्स नको" असं म्हणू नका. तो तुमच्या शेजारी असायलाच हवा. एखादं औषध किंवा पेप्टाइड परजीवीवर काही करतंय असं दिसलं, की तेच सी. एलिगन्सच्या साध्या आणि उत्परिवर्तित वाणांवर टाकून पाहायचं. ग्राहक नसलेला वाण औषधाला दाद देत नसेल तर आपला संशय बरोबर दिशेने आहे. वाण मागवणं स्वस्त आहे, वाढवणं सोपं आहे, आणि पावसाळ्यात कत्तलखान्याचे नमुने खराब येतात त्या महिन्यांत तुमचं काम थांबत नाही. प्रश्न परजीवीचा, ताळा सी. एलिगन्सवर. अशी मांडणी घेऊन गेलात तर बहुतेक मार्गदर्शक ऐकतात. तुमचे ऐकतील की नाही हे त्यांच्या स्वभावावर आहे. नाही ऐकले, तर मात्र मार्गदर्शकाला परकी असलेली पद्धत एकट्याने रेटू नका. त्यात विद्यार्थी भरडला गेलेला मी पाहिला आहे. त्यापेक्षा एक वर्ष थांबून पशुवैद्यकीय परजीवीशास्त्रातला सहमार्गदर्शक शोधा.

नोंदणीआधी तीन महिने हातात असतील तर एवढं करा. आठवड्यातून एकदा कत्तलखान्यात जा आणि किती कृमी, कोणते, किती तास जिवंत राहिले हे वहीत लिहा. दहा खेपांची ती वही कुठल्याही प्रस्तावापेक्षा जास्त बोलेल. एक कृमी उभा चिरून चेतारज्जू आणि स्नायूंचे हात स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि शीतगृहात ठेवलेला, फॉर्मालिनमधला नमुना पाहून समाधान मानू नका, जिवंतच पाहा.

शेवटची गोष्ट तब्येतीची, आणि ती कुणी आधी सांगत नाही. अस्कॅरिसच्या अंगातल्या द्रवाची ॲलर्जी होते. पहिल्या दिवशी नाही, महिन्या-दोन महिन्यांनी, कधी वर्षाने. आधी शिंका, मग डोळे चुरचुरणं, हातावर गांधी, आणि काहींना दमा. मला कामाच्या सहाव्या वर्षी पापण्या सुजून डोळे मिटण्याइतका त्रास झाला आणि त्यानंतर मी अस्कॅरिस सोडून हिमोंकसकडे वळले. तेव्हा पहिल्या दिवसापासून दुहेरी हातमोजे, मास्क, चष्मा, आणि कृमी चिरायचा तो खिडकीशी किंवा धूर ओढणाऱ्या कपाटात. घरात कुणाला दमा असेल, तुम्हाला स्वतःला लहानपणी असेल, तर कृमी ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारा. तसं असेल तर हिमोंकसची जाळी मांडा आणि तिथूनच सुरुवात करा. दहा खेपांच्या नोंदी झाल्या की कळवा, पट्टी कशी बांधायची आणि क्षारपाणी कसं बनवायचं ते मी सविस्तर लिहून देईन.